साडेतीन बाय साडेचार

चार नावं उरली आहेत आता.
अकरा होती, सात कुमुदनं खोडली
जेल रोडच्या तिच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कुरडयांशेजारी बसून.
एकाला अठ्ठावन्न पायऱ्या आणि लिफ्ट नाही,
एकाच्या अंगणात म्हणे माकडं येतात,
एकाचं नाव तिला उच्चारता येईना,
म्हणाली, हरवलो तर लोकांना सांगायचं काय?

दोन रात्रींचा तर प्रश्न.
पण दोन रात्रींसाठीच माणूस जास्त घासाघीस करतो;
जन्माची घरं आम्ही एका दुपारीत घेतली होती,
सोसायटीच्या डब्यातून चिठ्ठी उचलून.

तिची भाची ऋजुता ओसाकात असते. ती सांगते,
हॉटेल नाही गं, र्‍योकान म्हणायचं.
चटईची जमीन, कागदाची सरकती दारं,
संध्याकाळी कोणी येऊन गाद्या घालतं, सकाळी उचलतं.
हे एक बरं, कुमुद म्हणाली,
छत्तीस वर्षं मी घातल्यात.

आणि पाणी.
डोंगराच्या पोटातून आपलं आपण उकळत येतं,
ना बंब, ना ढलप्या, ना गिझर.
वास ओढलेल्या काडीसारखा.
त्यात उतरायचं सगळं काढून.
सगळं?
कुमुदनं दोनदा विचारलं.
रामकुंडावर आपण साडीसकट बुडतो,
ओल्या अंगावर कोरडं नेसायची विद्या आईनं शिकवलेली,
ती तिथे फुकट.

मी म्हटलं, अगं, तेहेतीस वर्षं प्रेसच्या फाटकावर
रोज संध्याकाळी झडती दिली आपण,
डबा उघडून, अंबाडा चाचपू देऊन.
आता कसली लाज?
ती हसली. मग गप्प झाली.
एकमेकींच्या पोळ्या खाल्ल्या इतकी वर्षं,
गुडघे पाहिले नाहीत.

तळाशी बारीक अक्षर होतं.
बारीक अक्षर हेच माझं काम,
भिंगाखाली कोऱ्या पासपोर्टांची पानं,
एक रेघ तुटली की गठ्ठा बाद.
‘अंगावर गोंदण असल्यास कुंडात प्रवेश नाही.’

उजव्या हातावर, कोपराच्या खाली, माझा विंचू.
भगूरच्या बाजारात, मी सहा वर्षांची,
गोंदणारीण गुणगुणत होती, आईनं मनगट दाबून धरलेलं.
मेल्यावर सोबत येतो असा हा एकच दागिना, म्हणाली.
आता पसरून हिरवट झालाय,
नांगी कुठली नि पाय कुठले, मलाच सांगावं लागतं.
ऋजुता म्हणाली, मावशी, तिकडे गुंडांच्या अंगावर असतं असलं.
कुमुद इतकी हसली की चहा कुरडयांवर सांडला.

चौघांनाही लिहिलं.
एकानं नाही म्हटलं, फार अदबीनं, तीन परिच्छेदांत.
दुसऱ्यानं खोलीतलं स्वतंत्र कुंड देऊ केलं, भाडं दुप्पट.
तिसरा बोललाच नाही.
चौथं उत्तर सहा खोल्यांच्या एका घरातून,
दिवसाला दोन बस, मोबाइलला रेंज नाही,
मालकीणबाई ऐंशीच्या पुढे, लिहिणारी बहुधा नात:
‘कृपया मापून कळवावं. किती बाय किती?’

पोलादी पट्टी काढली, खिडकीशी बसले.
साडेतीन रुंद, साडेचार उंच.
पुन्हा मापलं.
कुमुदनं चष्मा पुसला, वाकून पाहिलं, म्हणाली,
हा तर पासपोर्टचा फोटो झाला.

चिकटपट्टी आम्ही देऊ, कळवलं त्यांनी, त्वचेच्या रंगाची.
कुणाच्या त्वचेच्या, ते विचारायचं राहिलं.

पैसे भरले. कार्तिकात, दोघी, एक खोली.
त्या घराला पायऱ्या किती
हे कुमुदनं अजून विचारलेलं नाही.
रोज संध्याकाळी जेल रोडवरून
देवळाली गावापर्यंत चालत येते माझ्याकडे,
गुडघ्यांना तेल लावून.